करडगीतलं हिरवं पान

सोलापूर,
८ ऑगस्ट १९७४

सौ. दाक्षायणी अक्कास,
शिवूचा वाकून नमस्कार.

अक्का, आधी बातमी, खुशाली मागून! केस लागली! सव्वीस तारखेपासून सेशन कोर्टात धुळाप्पावर खटला सुरू होतोय. आणि तुझा हा भाऊ, ज्याला तू अजून ‘आधी नाक पुसायला शीक’ म्हणतेस, तो सरकारी वकील महिपतराव साहेबांच्या मागच्या खुर्चीवर बसणार आहे! कॉलेजातल्या सरांची चिठ्ठी घेऊन गेलो आणि सांगून टाकलं, “मयत चनबसप्पा माझ्या बहिणीचे सासरे.” साहेब चष्म्यावरून बघत म्हणाले, “मग तू जीव तोडून काम करशील.” करतोच आहे. मिलचा पहिला भोंगा होतो तेव्हा मी उठून केसचे कागद वाचत असतो, खोलीतली पोरं उशी फेकून मारतात.

आणि केस काय आहे म्हणतेस! सरळ, जसा रूळ. जानेवारीत तुझे मामंजी अक्कलकोटच्या बाजारातून परत येत होते. ओढ्याच्या उतारावर डोक्यात घाव बसला. बैल रिकामी गाडी घेऊन तुमच्या दारात आले आणि गाडीवान धुळाप्पा गायब. दुसऱ्या दिवशी फौजदारांनी त्याला त्याच्या रानातल्या खोपीत धरला, अंगरख्यावर रक्त, आणि कोनाड्यात मामंजींची चांदीची करडगी! साहेबांना करडगी म्हणजे काय तेच माहीत नव्हतं. मी सांगितलं, लिंगायत माणूस आपलं इष्टलिंग ज्या डबीत ठेवून गळ्यात बांधतो ती. जन्मात ती अंगावेगळी करत नाही. साहेबांनी टेबलावर हात आपटला. “म्हणजे मेल्याशिवाय गळ्यातून निघणार नाही! चांदीसाठी खून!”

आता मला लवकर कळव, मामंजी करडगी कधी उतरवून ठेवत होते का? साहेबांनी विचारलंय. धुळाप्पाच्या गळ्यात दोर पडल्याशिवाय मी स्वस्थ बसत नाही. ईश्वरप्पा दाजींना हे वाचून दाखव.

तुझा,
शिवयोगी

सिद्धनहळ्ळी, ता. अक्कलकोट,
१२ ऑगस्ट १९७४

चि. शिवूस आशीर्वाद. नाक पुसत असशील अशी आशा आहे.

तुझं पत्र ह्यांना वाचून दाखवलं. ‘दोर’ ऐकल्यावर सात महिन्यांत पहिल्यांदा दुसरी भाकरी मागून घेतली. त्यांच्या डोक्यातून धुळाप्पा जात नाही. झोपेतसुद्धा त्याला शिव्या देतात.

तू विचारलंस त्याचं उत्तर: मामंजी करडगी कधीही उतरवत नव्हते. पूजेला उघडायचे, तेवढंच. सकाळ-संध्याकाळ पूजा, ती झाल्याशिवाय पाण्याचा थेंब नाही. बाजाराला गेले तरी परतताना ओढ्यावर गाडी थांबवायचे. बेल आणि पाणी आणायचं काम धुळाप्पाचं. “ह्या वाटंवरची बेलाची झाडं मला माझ्या पोरांगत ठाव हायती,” असं आपल्या कानडीत म्हणायचा. त्याच हातानं धन्याला मारावं! माणसाचं काही सांगता येत नाही, बाबा.

एक मात्र खरं, फौजदार देवमाणूस. तू तेव्हा परीक्षेला होतास, तुला माहीत नाही. डॉक्टरांकडून प्रेत घरी आलं तेव्हा मामंजींचा गळा मोकळा. जंगमस्वामी म्हणाले, नवं लिंग बांधू, शास्त्राला चालतं. सासूबाई हटून बसल्या. आयुष्यभर ज्याची पूजा केली तेच हातात पाहिजे, नाहीतर मी प्रेत उचलू देणार नाही. हे जाऊन फौजदारांच्या पाया पडले. त्यांनी करडगी मुकाट आणून ह्यांच्या हातात दिली. मी उघडून बघितली, आत धुतलेल्या कापडाची घडी, लिंगावर बेलाचं पान, अजून हिरवंगार. आपल्यातले नसून फौजदारांनी एवढं जपलं, म्हणून सासूबाई आजही त्यांना दुवा देतात. मग मामंजींना समाधीत बसवलं आणि मीच करडगी त्यांच्या डाव्या तळहातावर ठेवली.

घरी बाकी ठीक. देवघरातली आजेसासऱ्यांची जुनी करडगी दिसत नाही. सासूबाई म्हणतात मी ठेवली, मी म्हणते त्यांनी. खात-पीत जा. शेंगाचटणी पाठवते.

तुझी अक्का

सोलापूर,
२७ ऑगस्ट १९७४

सौ. अक्का,

तुझं पत्र मिळालं, चटणी त्याच रात्री संपली. पत्र आलं तेव्हा मी धावत कोर्टात निघालो होतो. ‘कधीही उतरवत नव्हते’ एवढं वाचलं, नाचलो, आणि पत्र कोटाच्या खिशात कोंबलं. साहेबांनी ते वाक्य जसंच्या तसं कोर्टात वापरलं!

आणि आजचा दिवस! अक्का, तू असायला हवी होतीस! खरं तर फौजदारांची साक्ष शेवटी असते, पण त्यांची बदली झालीय म्हणून आधीच घेतली. धुळाप्पाच्या बाजूला सरकारनं दिलेले वकील आहेत, मानसिंगराव म्हणून, माळशिरसकडचे. बिचाऱ्यांना कानडीचा गंध नाही आणि धुळाप्पाला मराठी धड बोलता येत नाही. दोघं एकमेकांकडं मुक्यासारखे बघत असतात. त्यांनी धुळाप्पाला एकच शिकवलंय, “काही बोलू नको.” आणि स्वतः ओरडत होते, “करडगी पोलिसांनीच खोपीत ठेवली! मधल्या काळात ती कुणी कुणी हाताळली?”

फौजदार छाती काढून म्हणाले, “कुणीही नाही. आम्ही ती उघडलीसुद्धा नाही. सापडली तशी पंचांसमोर कापडात शिवली आणि लाखेचं सील मारलं. ते सील आजवर फुटलेलं नाही.”

मग जज्जसाहेबांच्या हुकमानं सील फोडलं. शिपायानं कापड उसवलं आणि करडगी टेबलावर आली. सगळे माना उंच करून बघत होते. झाकणाला एका बाजूनं पोचा आहे, कडीला तांब्याच्या तारेचा जोड. आत रिकामी. मानसिंगरावांचं तोंड एवढंसं झालं. धुळाप्पा मात्र करडगीकडं नुसता बघत राहिला आणि मान हलवत राहिला. साहेब कुजबुजले, “बघ, पश्चात्ताप!”

आता खरी बातमी ऐक. करडगी ओळखायला दाजींना बोलवायचं ठरलं होतं. मी म्हटलं, “साहेब, माझी अक्का रोज त्या पूजेचं पाणी भरायची. घरच्या सुनेनं सांगितलं तर कोर्ट हलेल.” साहेबांनी पाठ थोपटली! तेरा सप्टेंबरला तुझी साक्ष. समन्स येईल. घाबरू नकोस. ‘हीच ती’ एवढं म्हणायचं, की झालं.

तुझा वकील (होणारा),
शिवू

सिद्धनहळ्ळी,
३० ऑगस्ट १९७४

चि. शिवू,

अंधारात लिहितेय, अक्षर लागलं नाही तर पुन्हा वाच.

टेबलावर कुठली करडगी आली? मी तुला लिहिलं होतं ना, ती मामंजींच्या हातात दिली म्हणून? ती जमिनीत आहे, शिवू! पोचा पडलेलं झाकण आणि तांब्याची तार म्हणजे आजेसासऱ्यांची. आमच्या देवघरातली, जी मी महिनाभर पाटाखाली, कणगीमागं, सगळीकडं शोधतेय!

ह्यांना विचारलं. आधी विषय टाळला. मग म्हणाले, “फौजदार आला हुता. मुद्देमाल कोर्टात दाखवायला पायजे, न्हाय तर माझी नोकरी जाती म्हणाला. त्यानं आपल्यासाठी एवढं केलं, आपण नको करायला? करडगी ती करडगी. तू गप बस.”

मी गप्प बसले. पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही. फौजदारांनी देवाच्या नावानं शपथ घेऊन सांगितलं ना, की करडगी उघडलीच नाही? मग आत पान कुणी ठेवलं? मामंजी गेले त्या सांजेची पूजा राहिलीच होती. सकाळचं पान दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत एवढं टवटवीत राहतं का? आणि ती धुतलेल्या कापडाची घडी? मामंजी तर मऊ भगव्या रेशमात गुंडाळायचे. ते रेशीम नव्हतंच.

इतके दिवस मी ते फौजदारांचं पुण्य समजत होते. शिवू, करडगी एकाच माणसाजवळ होती. मला लगेच लिही.

अक्का

सोलापूर,
२ सप्टेंबर १९७४

अक्का,

तुझं पत्र वाचून आधीचं खिशातून काढलं. त्यावर चटणीच्या तेलाचा डाग पडलाय, पण वाचता येतं. सगळं लिहिलं होतंस. मी गाढव आहे. आता ऐक, आणि हे पत्र चुलीत घाल.

हे कुणालाही बोलू नकोस! तुला कळतंय का काय होईल? मुद्देमाल बदलला हे कळलं की फौजदार खोटे, पंचनामा खोटा, सगळी केस कोसळेल. धुळाप्पा हसत बाहेर येईल आणि तुमच्याच वेशीवर विडी ओढत बसेल. दाजी अडकतील ते वेगळंच. माझं जाऊ दे, साहेब मला पुन्हा दारात उभं करणार नाहीत, पण तुझ्या मामंजींचं काय? कोर्टाला तांत्रिक चुका लागतात, न्याय नाही. करडगी त्याच्याकडं सापडली हे तर खरं आहे ना? मग खऱ्या गोष्टीसाठी दुसरी करडगी दाखवली, त्यात एवढं काय बिघडलं?

पान-बिन सोड. खुनी माणूसही देवाला भितो. ‘अशीच होती’ एवढं म्हण. ‘अशीच’ म्हणजे खोटं पण होत नाही. तुझ्या पाया पडतो.

शिवू

सिद्धनहळ्ळी,
६ सप्टेंबर १९७४

चि. शिवू,

तुझं पत्र चुलीत घातलं. तू सांगितलेलं ऐकलं असं हे पहिलंच.

खुनी देवाला भितो, मान्य. पण तुझे साहेब म्हणतात चांदीसाठी मारलं. चांदी पाहिजे असणारा लिंग ओढ्यात सोडून डबी सोनाराकडं नेईल. हा माणूस खोपीत बसून कापड धुतो, बेल आणतो, कोनाड्यात मांडतो. कशासाठी? धन्याची पूजा चुकू नये, दुसरं काही सुचतं का तुला? मला तरी सुचत नाही, आणि मी चार रात्री तोच विचार करतेय.

समन्स आलं. शिपायानं चावडीवर वाचून दाखवलं, सगळ्या गावाला माहीत झालं. सासूबाई म्हणाल्या, “जा, आणि त्याला फासावर चढवून ये.” हे म्हणाले, “शिवू सांगंल तसं बोल.” मी तेराला येते. विचारतील ते सांगेन. माझ्यासाठी कोर्टाबाहेर पाणी ठेव, तोंड कोरडं पडतं.

अक्का

सोलापूर,
१३ सप्टेंबर १९७४

अक्का,

काय केलंस हे! काय केलंस!

तू दाजींबरोबर एस.टी.त बसलीस, माझ्याकडं बघितलंसुद्धा नाहीस, आणि मी तेव्हापासून नवी पेठेत वेड्यासारखा फिरतोय. कधी तुझा राग येतो, कधी अंगावर काटा येतो. दोन्ही एकदम. जेवलो नाही.

साहेबांनी करडगी तुझ्या हातात दिली. “ओळखता का?” “व्हय.” साहेबांनी मागं वळून मला डोळा घातला! “कुणाची?” आणि तू पदर सावरून, जसा बाजारात गवारीचा भाव सांगावास तसं म्हणालीस, “माझ्या आजेसासऱ्यांची. आमच्या देवघरातली.” साहेब अजून हसतच होते, त्यांना वाटलं तू गोंधळलीस. “नीट बघा बाई, घाबरू नका.” “घाबरत न्हाय साहेब. मामंजींची करडगी मामंजींच्या हातात हाय, समाधीत. मीच ठेवली की.”

मी पेन खाली पाडलं. मानसिंगराव, जे दुपारपासून पेंगत होते, ते असे उठले की त्यांची खुर्ची मागच्या वकिलाच्या पायावर पडली! “आत काय होतं?” “बेलाचं पान. हिरवं.” “पण फौजदार म्हणतात, उघडलीच नाही!” “त्यांनी न्हाय उघडली, तर ज्याच्याजवळ हुती त्यानं उघडली. चांदीसाठी जीव घेणारा माणूस लिंगाला बेल वाहत बसंल का? तुमीच सांगा.” जज्जसाहेबांनी तुला दटावलं, प्रश्न विचारू नका म्हणून. पण लेखणी थांबवून तुझ्याकडं किती वेळ बघत होते ते मी पाहिलं.

तू खाली उतरलीस तेव्हा कोर्टाच्या दुभाष्यानं तुझं बोलणं धुळाप्पाला कानडीतून सांगितलं. सबंध खटल्यात दगडासारखा उभा होता तो माणूस. खाली बसला, टॉवेलात तोंड घातलं आणि लहान पोरासारखा रडला. मला तिथं बसवेना.

आता पुढचं ऐक, वाईट आहे. साहेब पेटलेत. तुला फितूर साक्षीदार ठरवून घेतलं आणि अर्ज टाकला, समाधी उघडा! आत करडगी नसली तर बाई खोटी. बुधवारी त्यावर निर्णय. दाजींनाही समन्स काढलंय. अक्का, समाधी उघडतील ग! मी साहेबांना हात जोडले, तर म्हणाले, “तुझ्याच बहिणीनं आणलं हे.”

शिवू

सिद्धनहळ्ळी,
१६ सप्टेंबर १९७४

चि. शिवू,

तुझ्या आधीच बातमी गावात आली. समाधी उघडणार. सासूबाई माझ्याशी बोलत नाहीत, माझ्या हातचं पाणी घेत नाहीत. बायका विहिरीवर मला बघून घागर उचलून चालायला लागतात. शेजारची गौरव्वा तेवढी थांबली, तीही रस्सी द्यायला.

एस.टी.त हे खिडकीकडं तोंड करून बसले होते. घरी आल्यावर मला वाटलं मारतील. मारलं नाही. काल सांजेपासून समाधीपाशी जाऊन बसलेत. भाकरी नेऊन ठेवली, तशीच परत आणली.

मला भीती वाटते, शिवू. खरं बोलले याची नाही. आत बसलेल्या मामंजींना लोक कुदळ-फावडी घेऊन उठवतील याची. ते दृश्य माझ्यामुळं ह्यांना बघावं लागेल. तरी तेरा तारीख पुन्हा आली तर मी तेच बोलेन, एवढं तुझ्या साहेबांना सांग.

अक्का

सोलापूर,
२७ सप्टेंबर १९७४

अक्का, अक्का, अक्का!

सुटला! धुळाप्पा निर्दोष सुटला! आज दुपारी निकाल लागला आणि मी कोर्टातून पोस्टात पळत आलोय. उभ्या उभ्या लिहितोय, मागचा माणूस शाईसाठी ढुसण्या देतोय.

बुधवारचं दाजींनी तुला सांगितलं की नाही? मला माहीत आहे, नसेलच सांगितलं. म्हणून मी सांगतो. जज्जसाहेबांनी विचारलं, “समाधी उघडायला घरच्यांची काही हरकत?” दाजी पिंजऱ्यात उभे, रुमालाचं टोक पिळत. मला वाटलं, आता गर्जना करतील. तर हळूच म्हणाले, “माझ्या बानं जन्मभर लिंगाचा हात सोडला न्हाय. आता तुमी सोडवू नका. ती आत हाय. माझी बायको बोलली ते खरं हाय. ही डबी मीच फौजदाराला दिली.”

साहेब मटकन खाली बसले. दाजी कोर्टासमोर स्वतःच्या तोंडानं अडकले, अक्का, आणि खाली उतरताना पहिल्यांदा धुळाप्पाकडं बघितलं. फार नाही. एवढंसंच.

निकालात जज्जसाहेबांनी सरकार पक्षाचे वाभाडे काढले. मी शब्द न् शब्द उतरवून घेतला: “होता तो पुरावा जमिनीत पुरला आणि नव्हता तो कोर्टात आणला.” अंगावरच्या रक्ताचंही तसंच. ते धन्याला उचलताना लागलं की मारताना, हे कुणी तपासलंच नव्हतं. फौजदारांची चौकशी लागली, दाजींना समज देऊन सोडलं. साहेब माझ्याशी बोलले नाहीत, पण खुर्ची काढून घेतली नाही. उद्या बघू.

अक्का, त्या दिवशी तुझ्या पाया पडून खोटं बोलायला सांगत होतो. आता खरंच पाया पडतो. तू ऐकलं असतंस तर आज एका निरपराध माणसाला दोर लागला असता आणि तो दोर वळायला मी मदत केली असती.

पण एक प्रश्न पोस्टापर्यंत माझ्या मागं आला. मग मामंजींना मारलं कुणी?

तुझा,
शिवू

सिद्धनहळ्ळी,
३० सप्टेंबर १९७४

चि. शिवूस खूप खूप आशीर्वाद.

हे पत्र घाईत लिहितेय, पण घाई चांगली आहे. सगळं सांगते.

धुळाप्पा शनिवारी गावात आला. कुणाच्या दारात गेला नाही. सरळ समाधीवर गेला, बेल वाहिला, आणि खोपीकडं निघाला. सासूबाई ओट्यावरून बघत होत्या. सांजेला त्यांनी माझ्या हातून पाण्याचा तांब्या घेतला.

काल सकाळी मी चुलीपुढं होते. हे येऊन उंबऱ्यात बसले आणि म्हणाले, “पान हिरवं हुतं.” मला कळेना. “करडगी उघडलीस तवा मी तुझ्या मागंच उभा हुतो. मी बी बघितलं हुतं.” मी हातातलं पीठ परातीत टाकून त्यांच्याकडं वळले. “मला बी तवाच कळलं हुतं, दाक्षायणी. पण माझ्या बाला कुणीतरी मारलंय, आणि मला कुणीतरी पायजे हुतं.” एवढं बोलून रडायला लागले. आठ महिन्यांत पहिल्यांदा. मला राग यावा की माया, दोन्ही आली. मी म्हटलं, उठा, आधी त्याला घेऊन या.

गेले. आणि आणला, शिवू! आमच्या ओट्यावर बसवला, मी भाकरी वाढली. धुळाप्पा खाली मान घालून बसला होता. मी त्याला कानडीतून सहज विचारलं, त्या सांजेला काय झालं रे? तर त्याचा घास हातातच राहिला. म्हणाला, “अक्कावरू, हे मला आज पहिल्यांदा कुणी विचारलं.”

ऐक! धन्याचा जीव गेलेला बघून, आळ आपल्यावरच येईल म्हणून भिऊन खोपीत लपला होता; फौजदारांनी धरल्यावर सांगायला गेला, तर तोंडात बसली. वकील म्हणाले काही बोलू नको. कोर्टात विचारलं ते ‘तू मारलंस का’ एवढंच. त्या सांजेला काय दिसलं हे कुणी विचारलंच नाही! तो पूजेसाठी ओढ्यापलीकडं बेल आणायला गेला होता. ओरडणं ऐकून धावला. मामंजी पडलेले, करडगीची दोरी तुटून चिखलात. ती आधी उचलली, मग त्यांना उचलायला बघितलं. आणि चढावरून एक गाडीवाला बैल पिटाळत पळत होता. माणसाचं तोंड दिसलं नाही. पण बैल दिसले. डावीकडचा एका शिंगाचा, कपाळावर पांढरा चांद. गाडीवानाला माणूस एकवेळ कळणार नाही, शिवू, बैल कळतो.

ह्यांनी त्या बैलाची खूण ऐकली आणि ताडकन उभे राहिले. सासूबाईही आतून बाहेर आल्या. आम्हाला तिघांनाही तो बैल माहीत आहे. नाव ह्या कागदावर लिहीत नाही, पोस्टमन त्यांच्याच आळीतला.

गुरुवारी पहिल्या गाडीनं आम्ही सोलापूरला येतोय, हे, मी आणि धुळाप्पा. मानसिंगरावांना कळलं नाही ते मी मराठीत सांगेन, शब्द न् शब्द. तुझ्या साहेबांना सांग, खुर्ची कुणाची का असेना, आता पहिल्यापासून सुरू करा, आणि ह्या वेळी साक्षीदाराला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करू नका. पाणी ठेव. तोंड कोरडं पडतं.

अक्का